पिवळी नेसलेली गाडी

"गूळ पातळ असतो, मंग थिजतो. हे फायबरबी पातळ असतंय, मंग थिजतंय. फरक काय हाय, सांगा मला."

सोमेश्वर हे बोलला तेव्हा तो जालन्यात, मस्तगडच्या एका दुकानात उभा होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर जग जिंकल्याचा भाव होता. इथूनच सगळं बिनसलं.

दुकान राधेश्यामचं. लग्नाच्या मांडवापुढे जे फायबरचे हत्ती आणि खांब उभे करतात ते हा राधेश्याम बनवायचा, आणि कुणाला घरी काही खटपट करायची असली तर सुटा मालही द्यायचा. रेझिन म्हणून एक मधासारखं दाट पाणी. ते घट्ट करायला हार्डनर म्हणून एक बाटली. आणि काचेच्या तंतूंची पांढरी चटई, जी दिसते गादीतल्या कापसासारखी आणि अंगाला लागली की वागते खाजकुइलीसारखी.

"फरक लै हाये भाऊ," राधेश्याम म्हणाला. "साच्याला आधी मेण मारावं लागतं. मेण न्हाई मारलं तर माल साच्याला जो धरतो, तो मेला तरी सोडत न्हाई. हा मेणाचा डबा घेऊन जावा."

"वरचा खर्चा कशाला? आमच्या दोन पिढ्या गुऱ्हाळावर गेल्या. साच्यात ओलं फडकं घालायचं, वर पाक ओतायचा, थिजला की बादली पालथी करायची. ढेप टपकन बाहेर. साच्यातून माल काढायचं मला शिकवू नका."

"ते गुळाचं झालं."

"सगळं गुळाचंच असतंय," सोमेश्वर म्हणाला आणि डबा मागे सारला.

बिचाऱ्याचा तसा दोष नव्हता. वडीगोद्रीला त्याच्या अंगणात अजून जुना लोखंडी चरक गंजत उभा होता. पूर्वी बैल त्याच्याभोवती गोल फिरायचा आणि ऊस पिळला जायचा. मग सगळ्यांचा ऊस अंकुशनगरच्या कारखान्याला जायला लागला, गुऱ्हाळ थंड पडलं, बैल विकला, आणि सोमेश्वरकडे उरलं ते फक्त गुळाचं ज्ञान. ते कुठं वापरावं हे त्याला कळत नव्हतं, म्हणून तो ते सगळीकडे वापरायचा.

आता मोटारसायकलचा गिअर कुठल्या पायानं टाकतात हेही ठाऊक नसलेला हा माणूस गाडीचं तोंड बनवायला का निघाला, ते सांगितलं पाहिजे.

त्याची एकुलती एक मुलगी साधना. तिला दिली होती घनसावंगीकडच्या आदिनाथला. लग्नाच्या आधी पोरगा बरा वाटला होता, आणि लग्नाच्या आधी सगळेच बरे वाटतात. एक दिवस आदिनाथ साधनाच्या पाटल्या "उजळून आणतो" म्हणून घेऊन गेला आणि परत आला तो नव्या मोटारसायकलवर. रेसच्या गाडीसारखं पुढं चोच काढलेलं प्लॅस्टिकचं तोंड, काळा-लाल रंग, आवाज असा की म्हशी दावं तोडतील. साधनानं पाटल्यांचं विचारलं तर म्हणाला, "ही काय, ह्याच्यावर बस की आता." बसवलं मात्र कधी नाही. गाडीवर तो एकटाच हिंडायचा.

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी साधनानं पदर खोचला, गाडी सुरू केली आणि थेट माहेरी आली. हायवेच्या हॉटेलांवर चहा पिणारी माणसं कप हातात धरून उभी राहिली होती म्हणतात. अंगणात तिनं गाडी चरकाशेजारी लावली, हँडल डावीकडे वळवून लॉक केलं, किल्ली कमरेला खोचली, आईला "मी आल्ते" एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. त्यानंतर त्या घरात कुणी मोठ्यानं हसलेलं शेजाऱ्यांनी ऐकलं नाही.

आदिनाथचा फोन यायचा. दर वेळी एकच. "मामा, गाडी पाठवून द्या."

साधना कशी आहे, जेवते का, येणार आहे का, एक शब्द नाही. सोमेश्वर दर वेळी "व्हय, पाठवतो की" म्हणायचा आणि दर वेळी पाठवायचा नाही. त्याचा हिशेब साधा होता. गाडी इथं आहे तोवर जावयाला इथं यायला कारण आहे. तो गाडीसाठी येईल, साधना समोर दिसेल, चहा होईल, दोन शब्द होतील आणि पोरीचा मोडलेला संसार सांधला जाईल. गाडी गेली की संपलं. म्हणून तो रोज सकाळी उठला की आधी गाडी बघायचा आणि मग तोंड धुवायचा.

गावातले लोकही मोठे समजूतदार. पोरीचं नाव कुणी काढायचं नाही. पारावर भेटले की म्हणायचे, "काय सोमाभाऊ, गाडी अजून हितंच हाय का?" सोमेश्वर म्हणायचा, "हाय, नेतील आता." आणि दोघांनाही कळायचं की बोलणं गाडीचं चाललेलं नाही.

अशात धोंड्याचा महिना लागला. जावयाला जेवायला बोलवायचा हक्काचा महिना. सोमेश्वरनं छाती घट्ट करून फोन लावला.

"पाव्हणं, धोंड्याला या."

आदिनाथ म्हणाला, "येतो. गाडी धुवून ठेवा."

त्या दिवशी नंदाबाईनं, म्हणजे साधनाच्या आईनं, हरभऱ्याची डाळ निवडायला घेतली आणि निवडता निवडता तिचे डोळे भरून आले. सोमेश्वर तर इतका हरखला की लगेच गाडी धुवायला निघाला. धुवायची तर कडुनिंबाच्या सावलीत. सावलीत न्यायची तर हँडलचं लॉक काढायला हवं. लॉक काढायचं तर साधनाकडे किल्ली मागायला हवी. आणि किल्ली मागायची म्हणजे तो विषय काढायला हवा. सोमेश्वरनं विचार केला, त्यापेक्षा ओढलेली बरी.

हँडल डावीकडे वळलेली गाडी सरळ ओढली तर ती सरळ येत नाही. ती डावीकडे गेली, मग सोमेश्वरच्या अंगावर आली, मग सोमेश्वर बाजूला झाला आणि गाडी तोंडावर चरकाच्या लोखंडी लाटेवर, म्हणजे ऊस पिळायच्या रुळावर पडली. पापड मोडल्याचा आवाज झाला.

वडीगोद्रीच्या मेकॅनिकनं येऊन पाहिलं आणि टोपी मागं सरकवली. "मामा, ह्याचं फेअरिंग, हे पुढचं तोंड, गेलं. कंपनीचंच मागवावं लागंल, आणि ते कवा येईल सांगता येत न्हाई." मग त्यानं किंमत सांगितली. सोमेश्वर घरात जाऊन पाणी पिऊन आला आणि पुन्हा विचारली. तीच होती.

"जावयाला काय सांगू आता?" तो शेजारच्या कचरूला म्हणाला. कचरू उसाच्या टोळीत जायचा. उन्हाळ्यात कारखाना बंद, त्यामुळे त्याच्याकडे वेळ आणि सल्ले दोन्ही भरपूर असायचे.

"सांगायचं काहून? बनवायचं," कचरू म्हणाला. "मस्तगडला फायबरचा हत्ती बनवून राह्यलेत लोक. सोंडेसकट हत्ती होतो तर गाडीचं तोंड व्हायला काय धाड भरली?"

तर असा सोमेश्वर मस्तगडला पोचला होता.

बेत असा होता. फुटलेले तुकडे खाकी चिकटपट्टीनं गाडीवरच जोडायचे. तोच साचा. त्यावर ओलं फडकं, त्यावर काचेची चटई, त्यावर रेझिन. थिजलं की वरचं टरफल टपकन काढायचं, काळा-लाल रंग मारायचा आणि जुन्याच्या जागी बसवायचं. कंपनीनं ज्याला फेअरिंग म्हटलं त्याला सोमेश्वर मुखवटा म्हणत होता. गौरीला असतो तसा.

जावई उद्या येणार म्हणून आज दुपारीच काम काढलं. ऊन असं की चरकाला हात लावला तर चटका बसावा. चटई कापायला जागा म्हणून त्यांनी अंगणातली बाज घेतली आणि तिच्यावर चटई पसरून विळ्यानं तुकडे केले. कचरूनं आधी मान खाजवली, मग पोट, मग जिथं चारचौघांत खाजवत नाहीत तिथं.

"सोमाभाऊ, हे चावून राह्यलं."

"काच हाय ती. चावत न्हाई."

"मंग मलाच काहून चावायचा भास व्हतोय?"

"कामाला नवा हायस," सोमेश्वर स्वतःची पाठ चरकाला घासत म्हणाला.

फडक्यासाठी त्यानं दारातूनच हाक मारली. नंदाबाई पुरण वाटत होती. "पेटीत वरच्या अंगाला माझं जुनं लुगडं हाय, ते घ्या," ती म्हणाली. सोमेश्वरनं पेटी उघडली. वरच्या अंगाला म्हणजे उघडल्यावर वर की झाकणाच्या बाजूला, हे त्याला कळलं नाही. त्याच्या हाताला एक मऊ सुती कापड लागलं. पिवळं, लाल काठाचं, आणि त्यावर ठिकठिकाणी हळदीचे डाग. डाग आहेत म्हणजे जुनंच असणार, असं त्याच्या बुद्धीनं ठरवलं आणि त्यानं ते बादलीत बुचकळलं.

ओल्या कापडानं गाडीचं तोंड त्यानं मोठ्या मायेनं लपेटलं. चोच झाकली, दिवा झाकला, वरची उरलेली टोकं हँडलच्या बुडाशी घट्ट खोचून टाकली. लहानपणी बापाच्या हाताखाली त्यानं किती तरी साच्यांत असंच फडकं बसवलं होतं. हात अजून विसरले नव्हते. फार दिवसांनी आपल्याला काही येतं असं त्याला वाटलं, आणि तेवढ्या वेळापुरता तो सुखी होता.

मग हार्डनर आलं. राधेश्यामनं सांगितलं होतं, बुचाएवढं. पण गुऱ्हाळावर मळी वर यायला भेंडीचं पाणी पाकात घालताना कुणी बूच घेऊन बसत नाही, अंदाज चालतो. शिवाय पाहुणा उद्या येणार, जल्दी थिजायला हवं. सोमेश्वरनं अर्धी बाटली ओतली.

पहिले काही हात बरे लागले. चटईचा तुकडा, ब्रशनं रेझिन, पुन्हा तुकडा. मग ब्रश जड झाला. मग ब्रश बादलीतून निघेना. मग बादली गरम लागायला लागली.

"सोमाभाऊ, हिच्यातून वाफ निघून राह्यली."

"पाक असाच उकळतो."

"पण खाली चूल कुठं हाय?"

हा प्रश्न बिनतोड होता. बघता बघता बादलीतून काळा धूर निघाला, बादली एका अंगाला वाकली आणि गावभर असा वास सुटला की शेजारी भिंतीवरून डोकावले. नंदाबाईनं घागर आणून ओतली. कुणीतरी विचारलं, "गाडी पेटवून दिली का?" आणि उत्तर यायच्या आत म्हणालं, "बरं केलं."

धूर निवल्यावर नंदाबाईचं लक्ष गाडीकडे गेलं. रेझिननं कापड भिजलं की ते काचेखाली ठेवल्यासारखं स्वच्छ दिसतं. पांढऱ्या चटईखालून पिवळा रंग दिसत होता आणि चोचीवरून बरोबर मधोमध लाल काठ गेला होता.

"अवो," ती हळू आवाजात म्हणाली, "ही आपल्या साधीची पिवळी हाय. हळदीची."

लग्नात हळद लागते तेव्हा नवरी जी पिवळी साडी नेसते, ती. नंदाबाईच्या भावानं आणलेली. माहेरच्या पेटीत ठेवून दिलेली.

साधना दारात येऊन उभी राहिली होती. तिनं गाडीकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं.

"मला वाटलं जुनं हाय, माय," सोमेश्वर म्हणाला. "हळदीचे डाग व्हते."

"पिवळीवर हळदीचेच असणार की, आण्णा," साधना म्हणाली आणि आत गेली.

ती रडली असती, ओरडली असती तर बरं झालं असतं. सोमेश्वरला स्वतःची इतकी लाज वाटली की त्याला रडू यायला लागलं. पण हाताला काचेचे तंतू लागलेले, त्यामुळे डोळे पुसायचीही सोय नव्हती. तो तसाच गळणारे डोळे घेऊन उभा राहिला.

ऊन उतरल्यावर टरफल काढायची वेळ आली. सोमेश्वरनं चोचीखाली बोटं घातली आणि ओढलं. गाडी पुढं आली. कचरूनं मागून गाडी धरली आणि सोमेश्वरनं ओढलं. कचरू पुढं आला. काही ठिकाणी माल दगड झाला होता आणि काही ठिकाणी, फडक्यातल्या पाण्यामुळे, काकवीसारखा चिकट राहिला होता. सुटायचं नाव कुठंच नव्हतं.

"ढेप कशी काढता तुमी?" कचरूनं विचारलं.

"बादली पालथी करून बुडावर ठोकायचं."

"मंग गाडी पालथी करू का?"

सोमेश्वरनं त्याच्याकडे असं पाहिलं की कचरू घरी निघून गेला. सोमेश्वर एकटाच गाडीपुढं उकिडवा बसला आणि चोचीवर हातानं हलकेच ठोकत राहिला. "सोड ना," तो तिला म्हणत होता. "एवढ्या बारी सोड."

दुसऱ्या दिवशी आदिनाथ एसटीनं आला. नवा शर्ट, काळा चष्मा. दारातच म्हणाला, "मामा, गाडी कुठं हाय?"

"आधी जेवण, पाव्हणं. गाडी कुठं पळून जाती." हे सोमेश्वर मनापासून बोलला, कारण ते शंभर टक्के खरं होतं. गाडी त्यानं गोणपाट टाकून झाकली होती.

आदिनाथ बसला बाजेवर. त्याच बाजेवर. नंदाबाईनं वर स्वच्छ चादर घातली होती, पण काचेचा तंतू चादरीला जुमानत नाही. पाणी पिऊन होईपर्यंत पाहुण्यानं एकदा मांडी खाजवली. ताट येईपर्यंत दोन्ही.

ताटात धोंडे होते, पुरण भरून तुपात न्हालेले. सोबतीला कचरूलाही बसवलं होतं, म्हणजे बोलणं अडलं तर कुणीतरी बोलेल. बोलणं अडलं, पण कचरूही बोलला नाही, कारण तो पाठ खाजवत होता. सोमेश्वर मान खाजवत होता. जावई चमचाभर तूप घ्यायचा आणि एकदा काख खाजवायचा. समेटाचं जेवण चाललं होतं आणि पंगतीत एकाचाही हात स्वस्थ नव्हता.

"मामा, तुमच्या घरात पिसवा झाल्यात का?"

"झाल्या असतील," सोमेश्वर म्हणाला. बाज, चटई, मुखवटा हे सगळं सांगण्यापेक्षा पिसवा बऱ्या.

साधना वाढायला आली. तिच्या मनगटावर काचेच्या बांगड्या होत्या आणि जिथं पाटल्या असायच्या तिथं काही नव्हतं. आदिनाथची नजर तिथं गेली आणि लगेच ताटात परतली.

"तूप वाढू का?" साधना म्हणाली.

"वाढ," आदिनाथ म्हणाला.

दिवाळीपासून नवरा-बायकोत झालेलं हे पहिलं बोलणं. सोमेश्वरनं कचरूला कोपर मारलं. बघितलंस, सांधून राह्यलं, असा त्याचा अर्थ होता. पोरीनं आणखी एक शब्द बोलावा, त्यानं आणखी एक शब्द बोलावा म्हणून तो देवाला नवस बोलायच्या बेतात होता, तेवढ्यात आदिनाथनं हात धुतले आणि सरळ गोणपाटाकडे गेला.

गोणपाट त्यानं एका झटक्यात ओढून काढलं.

"हे काय हाय?"

"मुखवटा," सोमेश्वर म्हणाला. "जरा सुकायचा राह्यला."

आदिनाथनं बोट लावलं. बोट चिकटलं. ते सोडवताना तो वाकला आणि त्याला लाल काठ दिसला. "ही साडी हाय."

"साधीची पिवळी हाय, पाव्हणं," नंदाबाई म्हणाली. "तुमच्या हळदीची."

"गाडीला हळद लागली म्हणायची," कचरू म्हणाला. वातावरण हलकं करावं हा त्याचा हेतू. पण कुणी हसलं नाही.

आदिनाथचा चेहरा लाल झाला. त्यानं न बघताच हात पुढं केला. "किल्ली."

साधनानं कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. लॉक उघडलं. हँडल मात्र हललं नाही. खोचलेल्या टोकांनी रेझिन पिऊन हँडल, दिवा आणि चोच यांचा एकच दगड केला होता, डावीकडे वळलेला. आदिनाथला वाटलं, चालू झाली की सुटेल. त्यानं गाडी सुरू केली आणि गिअर टाकला.

गाडी निघाली. ती चरक डाव्या हाताला ठेवून गेली, मागून वळली आणि होती तिथं परत आली. आदिनाथनं जोर लावला. गाडी पुन्हा चरकाला वळसा घालून आली. अंगणाचं फाटक समोर दिसायचं आणि बाजूनं निघून जायचं. कोंबड्या छपरावर चढल्या. नव्या शर्टातला जावई, पिवळी नेसलेली गाडी, आणि मधे गंजका चरक. जिथं बैल फिरायचा बरोबर त्याच वाटेनं. सोमेश्वरच्या तोंडून बैलाला घालायची हाळी निघता निघता राहिली.

शेवटी पोटातलं पुरण हलायला लागलं तेव्हा आदिनाथ थांबला. उतरला तो भेलकांडत.

"मामा, तुमी माझ्या गाडीचं वाटोळं केलं."

"वाटोळीच जाऊन राह्यली ना ती," कचरू म्हणाला, आणि नंदाबाईनं त्याला आत पाणी आणायला पाठवलं.

साधना चरकाला टेकून उभी होती. "एक इचारू का?" ती म्हणाली. "मला न्यायला आल्ता का गाडीला?"

आदिनाथनं जरा विचार केला, मांडी खाजवली आणि म्हणाला, "आता गाडीच न्हाई राह्यली, तर तुला कशावर नेऊ?"

एवढं बोलून तो हायवेकडे चालायला लागला. त्याची पाठमोरी आकृती बराच वेळ दिसत होती. दर थोड्या अंतरावर ती थांबायची, कुठं तरी खाजवायची आणि पुढं जायची. सोमेश्वर फाटकाला धरून उभा राहिला. पोरीचा संसार आपण आपल्या हातानं, ओलं फडकं घालून मोडला, याबद्दल त्याच्या मनात शंका उरली नव्हती. तो त्या दिवशी जेवला नाही. नंदाबाईनं उरलेले धोंडे शेजारी वाटले, तेव्हा शेजारणी विचारत होत्या, "गाडी हितंच राह्यली का मंग?"

मग एका सकाळी फोन वाजला. आदिनाथ.

"मामा, ती गाडी राहू द्या तुमच्याकडंच. तिला आता कोण घेतंय. साधनाला तेवढं पाठवून द्या. हितं भाकरीचे लै हाल होऊन राह्यलेत."

दिवाळीपासून सोमेश्वर ज्या शब्दांची वाट बघत होता ते हे शब्द. तो फोन हातात घेऊन घरात पळाला. नंदाबाईनं देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले. साधना ज्वारी पाखडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"काय म्हनले? पुन्हा सांगा."

"साधनाला पाठवून द्या, म्हनले."

सांगता सांगताच सोमेश्वरचा आवाज खाली आला. पाठवून द्या. गाडीला जे म्हणायचे तेच. आधी गाडी पाठवून द्या, आता साधनाला पाठवून द्या. एक बिघडली म्हणून दुसरी.

साधनानं सुपातले खडे वेचून बाजूला टाकले. "येते म्हणावं," ती म्हणाली. "गाडीवर आल्ते, गाडीवरच येईन. माझ्या पाटल्या हायेत त्या. आधी तिचं हँडल तेवढं सोडवा, आण्णा." आणि ती पुन्हा पाखडायला लागली. पाखडता पाखडता तिला त्या दिवशीची गोल फिरणारी गाडी आठवली असावी, कारण सूप हातात धरून ती एकटीच हसायला लागली. इतकी, की नंदाबाईलाही हसू आलं. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांनीही ते ऐकलं.

सोमेश्वरनं फोनवर "व्हय, पाठवतो की" म्हणून सांगितलं आणि कानस घेऊन गाडीपुढं बसला.

तेव्हापासून तो रोज बसतो. सकाळी उठला की आधी तोंड धुतो आणि मग गाडीकडे येतो. अंगाची खाज गेली, पाऊस पडून शेतं हिरवी झाली, तरी कानशीचा आवाज चालूच आहे. आदिनाथचा फोन आला की सोमेश्वर तो गाडीजवळ धरतो आणि म्हणतो, "ऐकू येतंय ना? काम चालू हाय, पाव्हणं."

परवा कचरू फाटकातून आत आला.

"सोमाभाऊ, किती राह्यलं?"

"लै चिवट हाय," सोमेश्वर मान वर न करता म्हणाला. "गूळ असता तर कवाच सुटला असता."

कचरूनं वाकून बघितलं. हँडलवरचा दगड होता तसाच होता. कानस गाडीच्या स्टँडवर चालली होती.